म्यूस्काडे: हलकी, ड्राय आणि फुकट बदनाम झालेली वाइन

नाँतवासी

फ्रेंच वाइनचा विषय निघाला की चर्चा बोर्दो, बर्गंडी आणि शॅम्पेन एवढ्यातच फिरते. ल्वार नदीचं नाव कुणी काढलंच, तर सांसेर या तिथल्या नावाजलेल्या वाइनपर्यंत जातं. पण ही नदी हजार किलोमीटर वाहून जिथे अटलांटिकला मिळते, तिथे नाँत शहराच्या आसपास पिकणाऱ्या वाइनबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही. फ्रान्समध्येही या वाइनबद्दल लोक जरा नाक मुरडूनच बोलतात. हा धागा त्या म्यूस्काडेसाठी.

आधी एक खुलासा. मॉस्कॅटो किंवा मस्कत द्राक्षाशी हिचा काडीचा संबंध नाही. मॉस्कॅटो गोड आणि अत्तरासारखी सुवासिक. म्यूस्काडे पांढरी, पूर्ण ड्राय म्हणजे गोडवा नसलेली, अंगाने हलकी, वासाला अगदी मितभाषी. लिंबू, हिरवं सफरचंद, थोडा खारटपणा, आणि जिभेवर हलकीशी चुणचुण. अल्कोहोलही कमी. फ्रान्समध्ये प्रत्येक वाइनसाठी किमान किती अल्कोहोल हवं याचे नियम असतात. म्यूस्काडेला वरचीही मर्यादा आहे. रसात साखर घालून अल्कोहोल वाढवायचं झालं, तरी १२ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. हलकेपणा इथे कायद्यानेच सांभाळलाय.

द्राक्षाचं नाव मलाँ द बुर्गोन्य. नावावरून कळतं तसं हे मूळचं बर्गंडीचं. डीएनए तपासणीत त्याचे आईबाप पिनो आणि ग्वे ब्लाँ निघाले. शार्दोनेचेही तेच आईबाप. म्हणजे सख्खी भावंडं. एक जगभर मिरवतं, दुसरं बर्गंडीतून जवळजवळ हद्दपार होऊन समुद्रकिनारी येऊन राहिलं.

ते इथे आलं कसं? सतराव्या शतकात नाँतच्या बंदरात डच व्यापाऱ्यांचा वावर होता. त्यांना ब्रँडी गाळायला स्वस्त, आंबट पांढरी वाइन हवी होती, म्हणून त्यांनी पांढऱ्या द्राक्षांच्या लागवडीला जोर दिला. मग आला १७०९चा हिवाळा. युरोपभर नद्या गोठल्या, किनाऱ्यालगतचा समुद्रही काही ठिकाणी गोठला, आणि इथले बहुतेक मळे मेले. थंडी सोसणारं मलाँ तगलं आणि नव्या लागवडीत तेच सगळीकडे पसरलं.

आता मुख्य गोष्ट. हे द्राक्ष चवीला तसं गरीब आहे, हे मान्यच करू. त्याला वजन येतं ते साक्यामुळे. रस आंबून झाला की मेलेलं यीस्ट टाकीच्या तळाशी बसतं. बहुतेक पांढऱ्या वाइन त्या साक्यावरून लवकर काढून घेतात. इथे वाइन पूर्ण हिवाळा साक्यावरच ठेवतात आणि मधे न हलवता तिथूनच थेट बाटलीत भरतात. याला म्हणतात ‘स्यूर ली’. लेबलवर हे शब्द हवे असतील तर पुढच्या वर्षीच्या १ मार्चच्या आधी बाटली भरता येत नाही. यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, त्यातली द्रव्यं वाइनमध्ये उतरतात, आणि पातळ वाइनला एक प्रकारचा गुळगुळीत भरीवपणा येतो. मळलेल्या पिठाचा पुसटसा वासही येतो. आंबताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड थोडा आतच राहतो. जिभेवरची चुणचुण त्याची.

असं सांगतात की पूर्वी शेतकरी घरच्या लग्नाकार्यासाठी एक चांगलं पिंप बाजूला ठेवत. ते तसंच साक्यावर पडून राही आणि बाकीच्यांपेक्षा चवदार निघे. त्यातून ही पद्धत आली म्हणे. गोष्ट खरी असो-नसो, इथल्या जुन्या वाइनरींत एक गोष्ट बघण्यासारखी असते. जमिनीखाली काँक्रीटच्या टाक्या, आतून काचेच्या लाद्या बसवलेल्या. वर फक्त झाकणं दिसतात. लाकडाचा वास नको, तापमान स्थिर हवं, आणि साका हलायला नको. तिन्ही कामं होतात.

प्रदेश सांगायचा तर नाँतच्या आग्नेयेला सेव्र आणि मेन या दोन छोट्या नद्यांच्या खोऱ्यात मुख्य भाग आहे. ‘म्यूस्काडे सेव्र ए मेन’ या नावाला १९३६मध्ये मान्यता मिळाली. ल्वारच्या काठावरचा ‘कोतो द ला ल्वार’ हाही त्याच वर्षीचा. नैर्ऋत्येला ग्राँल्यू नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या आसपासच्या भागाला वेगळं नाव मिळालं १९९४मध्ये. जमीन फार जुन्या, कठीण खडकांची: नाइस, ग्रॅनाइट, शिस्ट, गॅब्रो. चुनखडी जवळजवळ नाहीच. ल्वारच्या उगमाकडे वर तुरेन भागात गेलात की मऊ चुनखडीत कोरलेली तळघरं दिसतात, तसं इथे काही नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हिला ‘साधी’ म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा सुपरमार्केटमधली सर्वात स्वस्त बाटली प्यायलेली असते.

मिरजमसाला

लेख आवडला, पण मी त्या नाक मुरडणाऱ्यांतलाच. पॅरिसला ऑफिसच्या जेवणात प्यायलोय. पाण्यात लिंबू पिळल्यासारखी. ते साका वगैरे सगळं मार्केटिंग वाटतं. चवच नसलेल्या द्राक्षाला कहाणी चिकटवायची आणि विकायची.

नाँतवासी

मिरजमसाला, तुमचा राग समजतो. त्या बदनामीला इथले लोकच जबाबदार आहेत. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये म्यूस्काडेची चलती होती. मागणी आली तशी लागवड वाढली, वेलीवर हवे तेवढे घड धरले, यंत्राने तोडणी, आणि मोठे व्यापारी टँकरने वाइन उचलायचे. १९९१च्या एप्रिलमध्ये कडाक्याचं, गोठणारं दंव पडलं, पीक बुडालं, भाव चढले, आणि बाहेरचे ग्राहक दुसऱ्या वाइनकडे वळले. ते परत आलेच नाहीत. १९९०च्या दशकात १३ हजार हेक्टरच्या आसपास असलेलं क्षेत्र आता जवळपास निम्म्यावर आलंय. अनेकांनी वेली उपटून टाकल्या.

पण जे टिकले त्यांनी एकरी पीक कमी केलं, हाताने तोडणी केली, प्रत्येक खडकाची वाइन वेगळी ठेवायला सुरुवात केली. दोमेन द लेक्यू या वाइनरीच्या गी बोसार यांनी तर बाटल्यांना सरळ खडकांचीच नावं दिली: नाइस, ऑर्थोनाइस, ग्रॅनाइट. द्राक्ष तेच, हात तेच, फरक जमिनीचा. दोमेन द ला पेपिएर किंवा ल्यूनो-पापाँ मिळालं तर एकदा पिऊन बघा. मग शिव्या द्या.

खरडछाटणी

आम्ही दिंडोरी तालुक्यातले द्राक्षवाले. वाइन फारशी पीत नाही, पण बागेचं वाचायला आवडलं. प्रश्न असा की एप्रिलमध्ये दंवाने पीक कसं जातं? आमच्याकडे थंडीचा मार डिसेंबर-जानेवारीत. निफाडला पारा पाचाच्या खाली गेला की मणी तडकतात, फुगवण थांबते. पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करायचं, हे ठरलेलं.

नाँतवासी

दादा, फरक वेलीच्या झोपेचा आहे. तुमची वेल कधी झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोड्या बाराची छाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा तिला फुटायला लावता आणि ऐन थंडीत तिच्यावर फळ असतं. इथे वेल नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाढ झोपलेली, पानं नाहीत, काही नाही. त्या काळात उणे दहा झालं तरी मलाँला सहसा काही होत नाही. १७०९ला तगली ती त्यामुळेच.

गोची अशी की मलाँ लवकर जागी होते. मार्चअखेर, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, आणि त्या कोवळ्या फुटीला उणे दोन-तीन तापमानही मारक ठरतं. एका रात्रीत वर्षाचं पीक. २०१६, २०१७, २०२१, लागोपाठ असे फटके बसले. इथेही शेकोट्याच. ओळींमधून मोठमोठ्या मेणबत्त्या लावतात, काही जण वरची गरम हवा खाली ढकलायला पंखे फिरवतात. काही ठिकाणी तुषार सिंचन करतात. पाणी फुटीवर गोठतं, आणि गोठताना उष्णता सोडतं. पाणी चालू आहे तोवर बर्फाच्या आतली फूट शून्याच्या आसपास राहते आणि वाचते.

खरडछाटणी

बर्फाने फूट वाचवायची, हे ऐकलं नव्हतं. पाणी मधेच बंद पडलं तर मग कल्याण.

आणि तोडणी कधी?

नाँतवासी

अगदी बरोबर, पंप बंद पडला तर न लावल्यापेक्षा जास्त नुकसान. तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. पूर्वी सप्टेंबरच्या मध्यावर सुरू व्हायची, आता उन्हाळे तापलेत. आंबटपणा टिकवायचा तर तोडणीचा दिवस चुकवून चालत नाही, मलाँचा आम्ल भरभर उतरतो.

रेवाकाठ

नाशिकचा विषय निघालाच आहे तर एक भर घालते. २०००च्या सुमारास नाशिकमध्ये नव्या वाइनरी सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या पांढऱ्या वाइन होत्या शेनीन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ. ही दोन्ही द्राक्षं ल्वारचीच. शेनीन तर नाँतहून थोडं वर गेलं की आंजू आणि तुरेनमध्ये सगळीकडे. त्यामुळे आपल्याकडे ज्यांनी नाशिकची शेनीन प्यायली त्यांना ल्वारची ओळख आधीच झालेली आहे, फक्त नाशिकच्या उन्हातली. तिथली बरीचशी शेनीन थोडी गोडसर ठेवतात, ती घेऊन म्यूस्काडेचा अंदाज बांधू नका.

मलाँ भारतात चालेल का? माझ्या मते लावण्यात अर्थ नाही. या द्राक्षाकडे स्वतःचा सुगंध नाही, त्याचा सगळा जीव आंबटपणात. नाशिकच्या रात्री थंड असल्या तरी दिवसा इतकं ऊन की ते आम्ल उडून जाईल. उरेल काय?

मिरजमसाला

बघा, रेवाकाठही तेच म्हणतेय. आंबटपणा काढला तर उरेल काय!

रेवाकाठ

मी नाशिकबद्दल बोलत होते हो. माझे शब्द उचलून नाँतला नेऊ नका.

सॅनहोजेकर

कॅलिफोर्नियातली एक गंमत. इथे बऱ्याच वाइनरी वर्षानुवर्षं ‘पिनो ब्लाँ’ म्हणून जे लावत होत्या, त्यातल्या पुष्कळ वेली प्रत्यक्षात मलाँच्या निघाल्या. प्येर गाले नावाचे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ १९८०च्या सुमारास इथे आले, पानं पाहिली आणि सांगून टाकलं. केवळ पानाच्या कडा, देठाजवळचा खाच, लव बघून वेल ओळखायची, हा त्यांचा हातखंडा होता. आता ऑरेगॉनमध्ये काही जण मलाँ मलाँ म्हणूनच लावतात.

कालवण

खायचं काय ते सांगा ना कुणी! आम्ही देवगडचे, धाग्यात मासे आल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

नाँतवासी

कालवण, तुमचीच वाट बघत होतो. इथे म्यूस्काडेची जोडी म्हणजे कालवं. कच्ची. नाँतच्या नैर्ऋत्येला बूर्नफचा उपसागर आहे, तिथे कालवांची शेती होते. शिंपलं उघडायचं, आतल्या खाऱ्या पाण्यासकट गट्टम, वर एक घोट. वाइन आंबट आहे म्हणून लिंबू लागत नाही. शिवाय यीस्टचा तो पिठासारखा वास आणि कालवाची चव एकमेकांना धरून असतात. लाल वाइनसोबत मासे खाल्ले की पुष्कळदा तोंडात लोखंडी चव येते, ती वाइनमधलं लोह आणि माशातली तेलं यांच्यामुळे. म्यूस्काडेत तो त्रास नाही.

दुसरा पदार्थ म्हणजे ‘बर ब्लाँ’. नाँतजवळ ल्वारकाठीच जन्मला. बारीक चिरलेले छोटे गावठी कांदे, म्यूस्काडे आणि व्हिनेगर एकत्र आटवायचं आणि मंद आचेवर थंड लोण्याचे तुकडे घालत घोटत राहायचं. पांढरा, दाटसर सॉस होतो. तो नदीतल्या माशावर.

कालवण

कच्ची कालवं आमच्याकडे कुणी खाणार नाही. खडकावरून कोयत्याने काढायची, सुकं करायचं. तेही बाई पहिल्या वाफेचं. पण तिसऱ्यांचं म्हणजे छोट्या शिंपल्यांचं सुकं, फार मसाला न घातलेलं, ओलं खोबरं आणि कोथिंबीर, त्याला चालेल असं वाटतं. तिखट कालवणाला?

रेवाकाठ

तिखटाबरोबर अल्कोहोल जास्त असलेली वाइन आग वाढवते. म्यूस्काडे कमी अल्कोहोलची, म्हणून आग तेवढी भडकत नाही. पण कोकम किंवा चिंच घातलेल्या रश्श्यासमोर वाइनचा आंबटपणा पार झोपतो, पाणी प्यायल्यासारखं वाटतं. रवा लावून कुरकुरीत तळलेले बोंबील घ्या, किंवा मांदेली. तळणीचं तेल ती झकास कापते. हे मी करून पाहिलंय, लंडनमधल्या फ्रोझन बोंबलांवर का होईना.

मिरजमसाला

बोंबलाला सोलकढी सोडून वाइन. घोर कलियुग.

पाणिनी_प्रेमी

नाँतचं एवढं कौतुक चाललंय तर दुसरी बाजूही यावी. अठराव्या शतकात हे फ्रान्समधलं गुलामांच्या व्यापाराचं सर्वात मोठं बंदर. आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजांत ब्रँडी असायची आणि कापडही. त्यात भारतातलं रंगीत सुती कापड मोठ्या प्रमाणात होतं, आणि त्याची नक्कल करून नाँतमध्येच ‘अँदियेन’ नावाचं छापील कापड बनवायचे कारखाने निघाले. डचांनी लावलेल्या द्राक्षांची ब्रँडी आणि आपल्या विणकरांचं कापड एकाच जहाजात माणसं विकत घ्यायला निघालं होतं.

नाँतवासी

खरं आहे. मी वाइनपुरताच लिहीत होतो म्हणून ते राहिलं. ल्वारच्या धक्क्यावर २०१२मध्ये गुलामगिरी निर्मूलनाचं स्मारक झालंय, धक्क्याच्या खाली उतरून जायचं. वर फुटपाथवर त्या जहाजांची नावं काचेच्या तुकड्यांवर कोरलीत. शहराने लपवलेलं नाही, एवढं म्हणेन.

सॅनहोजेकर

जुनी म्यूस्काडे प्यायची असते का? इथल्या दुकानात एक दहा वर्षांपूर्वीची बाटली दिसली, ‘क्लिसाँ’ लिहिलेली. खराब झाली असेल म्हणून घेतली नाही.

नाँतवासी

अरेरे, घ्यायची होतीत! साधी स्यूर ली दोन-तीन वर्षांत संपवावी. पण क्लिसाँ हा वेगळा प्रकार. २०११मध्ये तीन गावांना स्वतःचं नाव लेबलवर लावायची परवानगी मिळाली: क्लिसाँ, गोर्ज आणि ल पाले. २०१९मध्ये आणखी चार नावं आली. क्लिसाँ म्हणजे ग्रॅनाइट, वाइन जरा भरदार, पिकलेल्या फळाची. गोर्ज म्हणजे गॅब्रो, वाइन ताठ, थोडी धुरकट, पहिली काही वर्षं तोंड वाकडं करायला लावणारी. दोन्ही किमान २४ महिने साक्यावर. ल पालेला १८ महिने पुरतात. या वाइन दहा वर्षं सहज जातात, मेण आणि सुक्या मेव्याकडे झुकतात.

यातली विनोदी गोष्ट म्हणजे दोन-दोन वर्षं साक्यावर काढलेल्या या बाटल्यांवर ‘स्यूर ली’ लिहायला बंदी! कारण त्या शब्दांसाठी बाटली भरण्याची शेवटची तारीख ठरलेली आहे आणि या वाइन तोवर तयारच नसतात. फ्रेंच सरकारी कारभार.

पाणिनी_प्रेमी

ल पाले म्हणजे तत्त्वज्ञ आबेलारचं जन्मगाव ना? १०७९.

नाँतवासी

तेच. आणि क्लिसाँ म्हणजे हेलफेस्ट, युरोपातला मोठा हेवी मेटल महोत्सव. २००६पासून दर जूनमध्ये द्राक्षमळ्यांच्या मधोमध काळे टी-शर्ट घातलेली हजारो माणसं. बिअर तर असतेच, पण म्यूस्काडेचाही बार असतो.

मिरजमसाला

आता कुठे या वाइनबद्दल आदर वाटायला लागला. मेटलवाले पितात म्हणजे काहीतरी असेल. ती खडकांवाली नावं पुन्हा लिहा, पुढच्या वेळी पॅरिसला गेलो तर बघतो. पण आवडली नाही तर इथेच येऊन लिहीन.

नाँतवासी

दोमेन द लेक्यू. ऑर्थोनाइसपासून सुरुवात करा. साधी चांगली स्यूर ली पाच ते आठ युरोंत मिळते, गावाच्या नावाच्या बाटल्या साधारण बारा ते वीस. फ्रेंच वाइनच्या जगात हे फार कमी आहे. भारतात मात्र क्वचितच दिसते. आयात वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क, वर राज्याचे कर, मग आयातदार नामांकित बाटल्याच आणतो. सहा युरोची म्यूस्काडे पुण्यात येईपर्यंत सहा युरोची राहत नाही, आणि तेवढ्या पैशांत गिऱ्हाईक शाब्लीसारखी नावाजलेली वाइन मागणार.

कालवण

शेवटचा बाळबोध प्रश्न. किती गार करायची, आणि उघडलेली बाटली किती दिवस राहते? आमच्याकडे पिणारी मी एकटीच.

नाँतवासी

आठ ते दहा अंश. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, एकदम बर्फासारखी गार असेल तर चवच लागत नाही. क्लिसाँ-गोर्ज थोडी कमी गार. उघडलेली साधी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस, तिसऱ्या दिवशी चुणचुण गेलेली असते. साक्यावर जास्त काळ राहिलेली असेल तर तीन-चार दिवसही उत्तम, कधीकधी दुसऱ्या दिवशी जास्त खुलते. तरी उरली तर तिसऱ्या त्यातच उकडा. झाकण ठेवायचं, कांदा-लसूण, मिरी, लोण्याचा गोळा, आणि शिंपली उघडली की लगेच उतरवायचं.

कालवण

मीठ?

नाँतवासी

अजिबात नको, तिसऱ्यांचं पाणीच पुरेसं खारट असतं.